परकी रेघ आणि गळालेली बोली: सीमाभागातून पाहिलेली देशी चित्रकथा

निपाणीजवळच्या भोज गावात 29 जुलै 1925 रोजी शि. द. फडणीस यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते आधी कोल्हापूरला आणि मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांनी त्यांना घराघरांत पोचवलं. पुढे ‘हसरी गॅलरी’ हे त्यांचं प्रदर्शन गावोगाव फिरलं. त्यांच्या चित्राखाली ओळ नसते. ते पाहायला मराठी यावं लागत नाही, कानडीही यावं लागत नाही. दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या माणसाने शब्दच काढून टाकले, हा योगायोग असेल. मला मात्र त्यात या मातीचा शहाणपणा दिसतो. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांतल्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रं काढली आणि बेरीज-वजाबाकीची भीती घालवली. पण 1956 नंतर भोज म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात गेलं. तिथल्या मराठी शाळा त्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर चालल्या. आपल्याच गावच्या चित्रकाराची ती पानं भोजच्या मुलांच्या दप्तरात येण्याचं कारणच उरलं नाही.

देशी कॉमिकमध्ये परकं किती आणि आपलं किती, हा वाद मुंबई-पुण्यात अमेरिका विरुद्ध भारत असा सोपा करून मांडला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या पट्ट्यात तो इतका सोपा राहत नाही. इथल्या मुलाच्या हातात अमेरिकेतला नायक मुंबईच्या छापखान्यातून आला, मद्रासचा राजपुत्र मराठीतून आला, दिल्लीचे चाचाजी हिंदीतून आले आणि केरळचा उंदीर कानडीतून आला. पुण्याचा चिंटूही त्याला एका अर्थाने बाहेरचाच होता. म्हणून या सगळ्या प्रवाहांचा आढावा इथे, सीमेवर उभं राहून घेतो आहे.

सुरुवात इंद्रजाल कॉमिक्सपासूनच करावी लागते. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती 1990 पर्यंत चालली. ली फॉक याने 1936 साली निर्माण केलेला फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. सोबत मँड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता. आपल्याकडे छापताना त्यात बदल केले गेले. मूळ गोष्टीतलं बेंगाला हे राज्य भारतीय वाचकाला आपल्या बंगालच्या फार जवळ वाटलं असतं, म्हणून त्याचं ‘डेंकाली’ झालं. सिंग नावाच्या समुद्री चाच्यांमुळे कुणाचं मन दुखावू नये म्हणून ते ‘सिंगा’ झाले. काळ्या माणसांच्या जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणारा गोरा माणूस हा गोष्टीचा गाभा मात्र जसाच्या तसा राहिला. नावं बदलून परकेपण जात नाही, हे इंद्रजालच्या पानोपानी दिसतं. तरीही या पुस्तकांनी एक मोठं काम केलं. चौकटीमागून चौकट कशी वाचायची, दोन चौकटींमधली पांढरी पट्टी डोळ्याने कशी भरून काढायची, धावणाऱ्या घोड्याचा वेग चार रेघांत कसा ओळखायचा, हे आपल्या दोन पिढ्यांना त्यांनी शिकवलं. 1976 मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ याच मालिकेत आला. गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला चेहरा दिला. कुर्ता आणि जीन घालून चंबळच्या डाकूंशी लढणारा हा नायक म्हणजे अमेरिकी साच्यात भारतीय माती भरण्याचा पहिला ठळक प्रयत्न.

त्याच काळात बेळगावच्या मुलाकडे दुसराही एक वेताळ होता, चांदोबातला. ‘चंदामामा’ 1947 मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. 1952 पासून ते मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागलं. सगळ्या भाषांत चित्रं तीच, मजकूर तेवढा वेगळा. शंकर यांनी काढलेला, विक्रमाच्या पाठीवर लोंबणारा वेताळ आजही लोकांना आठवतो. एम. टी. व्ही. आचार्य यांच्यासारखे कन्नड चित्रकार तिथे काम करत होते. चांदोबातली देवळं, दागिने, लुगडी नेसायच्या तऱ्हा दक्षिणेतल्या असत. पुण्याच्या वाचकाला त्यात थोडं परकेपण जाणवत असेल. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या, घरात कानडी पाहुणे असणाऱ्या माणसाला त्यात परकं काहीच नव्हतं. सीमाभागातल्या माणसाची ‘आपलं’ म्हणायची व्याप्ती अशी मुळातच मोठी असते. देशी कॉमिकने ही गोष्ट कधी लक्षात घेतली नाही, हे माझं म्हणणं पुढे येईलच.

अमर चित्र कथेचा उगम सांगताना अनंत पै यांचं नाव येतं आणि ते योग्यच आहे. कारकळचे, कोकणी बोलणारे पै टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते. परकीय नायकांवर पोसली जाणारी मुलं त्यांनी जवळून पाहिली होती. 1967 साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातली उत्तरं आली, पण रामाची आई कोण हे सांगता आलं नाही, हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. मात्र या मालिकेची मुळं कानडीत आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बेंगळुरूच्या इंडिया बुक हाउसमध्ये जी. के. अनंतराम यांनी 1965 च्या सुमारास युरोपातल्या परीकथांची चित्ररूपं कानडीत आणली. मालिकेचे पहिले दहा क्रमांक सिंड्रेला, स्नो व्हाइट, पिनोकियो अशांचे होते. ‘कृष्ण’ आला तो अकराव्या क्रमांकावर. भारतीयत्वाची सर्वांत मोठी चित्रमाला परदेशी परीकथांच्या भाषांतरातून उगवली, याबद्दल कुणी लाज वाटून घ्यायचं कारण नाही. शिकायला सुरुवात अशीच होते.

‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची. ‘शिवाजी’ आणि इतर कित्येक अंक प्रताप मुळीकांचे. ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातल्या शिकारी शंभूला चेहरा दिला तो वसंत हळबे यांनी. देशभर गाजलेल्या या चित्रमालेचा कणा मराठी हातांनी घडवला. त्या हातांवर दोन संस्कार होते. एक राजा रविवर्म्याच्या छापील देवादिकांचा. दुसरा अमेरिकी साहसकथांचा, टारझन आणि हॅल फॉस्टरच्या ‘प्रिन्स व्हॅलिअंट’चा. मुळीकांचा घोडेस्वार पाहा. घोड्याचे पाय, खोगीर, मागे पडलेली डोंगररांग. घोडा शिकवला परक्यांनी, डोंगर मात्र सह्याद्रीचा आहे. परक्या रेघेला घाबरणाऱ्यांनी हा घोडेस्वार एकदा नीट न्याहाळावा. याच मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सचा नागराजही काढला. 1986 साली अवतरलेल्या या नायकाच्या हातातून निघणारे साप स्पायडरमॅनच्या जाळ्याची आठवण देतात, आणि तरीही तो आपल्या नागपंचमीचा, नागलोकाचा वारसा सांगतो.

रेघेपुरतं पाहिलं तर अमर चित्र कथेत परकेपणाची अडचण नव्हतीच. अडचण वेगळी होती. या अंकांमधला आपलेपणा सगळ्या भारताला एका मापात बसवणारा होता. कुठल्याही गावचा शेतकरी, कुठल्याही घाटातला मावळा, कुठल्याही देवळातला पुजारी एकाच शुद्ध, पुस्तकी भाषेत बोलतो. गावांना रूप नाही. बायका गोऱ्यापान, राक्षस काळे. नंदिनी चंद्रा आणि कार्लिन मॅक्लेन यांच्या अभ्यासांनी रंगाच्या, जातीच्या, धर्माच्या अंगाने यावर पुष्कळ लिहिलं आहे. बोलीच्या अंगाने त्याकडे पाहिलं पाहिजे, आणि ते सीमाभागातूनच नीट दिसतं.

कारण इथे एका नायकाची गोष्ट दुसऱ्या नायकाच्या गोष्टीला चिकटलेली आहे. कित्तूरची राणी चेन्नम्मा 1824 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी लढली. तिचा शूर संगोळी रायण्णा 1831 मध्ये फासावर गेला तो खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आज जिथे घराघरांत मराठी बोललं जातं. बैलहोंगल तालुक्यातल्या बेलवडीची मल्लम्मा शिवाजी महाराजांच्या सैन्याशी लढली आणि महाराजांनी तिचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. दोन्ही भाषांतल्या मुलांनी शेजारी बसून वाचावी, अशी ही गोष्ट. तिच्यात हार आहे, शौर्य आहे, शत्रूबद्दल आदर आहे. एका चौकटीत मराठी, दुसरीत कानडी बोलणारी माणसं त्यात दाखवता येतील. डिसेंबर 2021 मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची नासधूस झाली. ज्या मुलांनी दोघांना एकाच पुस्तकाच्या पानांवर पाहिलं असतं, त्यांच्या हातून असं सहसा होत नाही, असं मी मनापासून मानतो.

हिंदी आणि कानडी प्रवाहांबद्दल थोडक्यात. प्राण यांचे चाचा चौधरी 1971 मध्ये ‘लोटपोट’मधून आले आणि डायमंड कॉमिक्समुळे देशभर पसरले. लाल पगडी, मिशा, साबू, रस्त्यावरचा कुत्रा. नायकाला अंगबळ नाही, डोकं आहे; अमेरिकी महानायकाला हे देशी उत्तर होतं. कानडी वाचता येणाऱ्या सीमाभागातल्या मुलांसाठी ‘बालमंगळ’ होतं. त्यातला डिंगा हा अंगात अफाट बळ असलेला उंदीर मूळचा केरळचा डिंकन. म्हणजे कर्नाटकातल्या मुलांचा लाडका नायकही भाषांतरातूनच आला.

मराठीत अस्सल घरचं म्हणावं असं रोजचं कॉमिक म्हणजे ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 21 नोव्हेंबर 1991 पासून ‘सकाळ’मध्ये ते सुरू केलं आणि कोल्हापूर आवृत्तीबरोबर ते निपाणीतही पोचलं. खोडकर मुलाची तीन-चार चौकटींची पट्टी हा साचा अमेरिकी वर्तमानपत्रांचा. पण चिंटूची आई, पप्पा, सोनू, मिनी, त्यांची भांडणं, अभ्यासाची टाळाटाळ अशी मराठी मध्यमवर्गाच्या घरातली आहेत की साच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. मला चिंटू मनापासून आवडतो. तरी सांगायला हवं की त्याचं घर पुण्याचं आहे. निपाणीचा पोरगा ‘काय करायलाईस?’ विचारतो, बेळगावचा ‘काय करूलालास?’ म्हणतो, कानडी हेल त्याच्या वाक्याच्या शेवटाला लोंबतो. असं बोलणारं पोर मराठी कॉमिकच्या फुग्यात मला भेटलेलं नाही.

साहित्यात मात्र ते आहे, आणि किती देखणं आहे! प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’ 1994 साली पुस्तकरूपाने आलं, पाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. संतांचं बालपण बेळगावचं. त्यांच्या आई इंदिरा संत, निपाणी भागातल्या तवंदीशी नातं असलेल्या. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाच्या मराठीत कानडी इतकी सहज मिसळलेली आहे की वेगळी काढता येत नाही. महाराष्ट्रभरच्या वाचकांनी त्या भाषेसकट लंपनला उचलून घेतलं. बोलीमुळे वाचक तुटतो, हे प्रकाशकांचं भय लंपनने एकट्याने खोटं ठरवलं. 2024 मध्ये त्याच्यावर सोनी लिव्हसाठी मालिकाही झाली. ज्याच्या गोष्टीत प्रत्येक वळणावर चित्र आहे, तो कॉमिकमध्ये आला तर मुलं त्याला डोक्यावर घेतील.

बोली आणि बाजार यांची ही ओढाताण आपल्याच नशिबी आहे असं नाही. बेल्जियमकडे पाहा. तो देश फ्रेंच आणि डच बोलणाऱ्यांत विभागलेला, भाषेच्या सीमेवरून तिथेही पिढ्यांचं भांडण. आणि युरोपातली सर्वोत्तम कॉमिक्स तिथेच झाली. हर्जेचा टिनटिन 1929 मध्ये फ्रेंचमध्ये आला. विली वांडरस्टीन यांची ‘सुस्के आणि विस्के’ ही फ्लेमिश मालिका 1945 पासूनची. टिनटिनमध्ये सिल्डाव्हिया नावाचा एक काल्पनिक देश आहे. त्याची भाषा हर्जेने रचली ती ब्रुसेल्सच्या जुन्या वस्तीतल्या फ्रेंच-डच मिसळीच्या बोलीवरून. जगाला ती अगम्य वाटली, ब्रुसेल्सच्या माणसाला ओळखीचं हसू आलं. आपल्या गल्लीची बोली त्याने जगभर नेली, पण परदेशाचं सोंग देऊन. वांडरस्टीन यांच्या वाट्याला याच्या उलट आलं. सुरुवातीच्या त्यांच्या पात्रांच्या तोंडी अँटवर्पकडची बोली होती. नेदरलँड्सची मोठी बाजारपेठ हवी म्हणून 1960 च्या दशकात सगळी मालिका प्रमाण डचमध्ये आणली गेली. खप वाढला, बोली गेली. आपल्याकडे तर बोली आधी येऊन मग गेली असंही झालं नाही. तिला दारातच थांबवलं गेलं.

चोर्ला घाट उतरलं की गोवा. लोटलीचे मारियो मिरांडा यांच्या रेघेवर इंग्रज चित्रकार रोनाल्ड सर्लचा प्रभाव होता आणि तो लपलेला नव्हता. पण त्या रेघेत त्यांनी जे भरलं ते सगळं गोव्याचं: बाल्कांववरची माणसं, पाद्री, पोदेर, तावेर्न, जत्रा, फेस्त, लग्नाची गर्दी. परकी रेघ घेऊन गाव कसं काढावं, याचा वस्तुपाठ बेळगावहून काही तासांच्या अंतरावर आहे. बेळगावलाही चित्रकारांचा तोटा नव्हता. के. बी. कुलकर्णी यांच्या ‘चित्रमंदिर’मध्ये पिढ्या घडल्या. बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे तिथले विद्यार्थी. पुढे ते मुंबईत, नैरोबीत आणि पुण्यात बोधचित्रकार म्हणून नावाजले. हात होते, नजर होती. चित्रकथेला लागणारी घरची बाजारपेठ नव्हती, म्हणून ते हात गाव सोडून निघून गेले.

आणि चौकट परकीच का असावी? आंबोली घाटाखाली, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. पोथीतली सुटी चित्रं एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची. एक पान, एक प्रसंग. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक घरात मराठीची एक बोली बोलतात आणि पडद्यामागून कानडीत खेळ करतात. सीमावादाच्या कितीतरी शतकं आधीपासून हे कलावंत एका भाषेत जगतात आणि दुसऱ्या भाषेत गोष्ट सांगतात. त्यांच्या खेळातली किळ्ळेक्यात आणि बंगारक्का ही विनोदी जोडी चाचा-चाचीच्या किती आधीची! कोप्पळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना 2025 ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी त्या घरच्या भाषेची आठवण ठळकपणे काढायला हवी होती.

लोकचित्रांतून नवं कॉमिक होतं हे सिद्धही झालं आहे. 2011 मध्ये ‘भीमायन’ आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांचं चरित्र काढलं आणि माणसांना डब्यांत कोंडायला, म्हणजे चौकटी मारायला नकार दिला. त्यांच्या पानांवर गोधडीच्या नक्षीसारखे पट्टे वळत जातात. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. अक्षर वाचता न येणाऱ्या माणसालाही कोण कसं बोलतंय ते कळतं. त्याच वर्षी अपराजिता निनान आणि श्रीविद्या नटराजन यांनी जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ला चित्ररूप दिलं. 1873 साली जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केलं होतं. बाहेरचा विचार घेऊन घरच्या माणसाच्या बाजूने उभं राहणं, ही आपली जुनी आणि अभिमानाची परंपरा आहे. बाबासाहेब एप्रिल 1925 मध्ये निपाणीला बहिष्कृत परिषदेसाठी आले होते. भीमायनच्या वाटेने जाणाऱ्याची निपाणीत एक आख्खं प्रकरण वाट पाहत आहे.

विषय इथे पावलोपावली आहेत. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीत महामार्ग अडवला, गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याच सुमारास वखारीत आणि घरोघर राबणाऱ्या बाया संघटित झाल्या. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. विडीकामगार बाईचा एक दिवस चित्रात आणून पाहा: मांडीवर सूप, ओलसर पानांची चवड, कात्रीने मापात कापलेलं पान, चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोरा. संध्याकाळी मोजणाऱ्यासमोर सूप ठेवायचं आणि त्याने ‘छाट’ म्हणून बाजूला फेकलेल्या विड्यांकडे गप्प बघायचं. सहा चौकटींचं पान आहे हे. कुठल्याही भाषेतल्या वाचकाला कळेल. तरीही त्या बाईने घरी परतताना शेजारणीशी बोलावं ते निपाणीच्या मराठीतच.

माझं मत स्पष्ट आहे. देशी चित्रकथेला परक्या प्रभावाने मारलं नाही. इंद्रजालने वाचायला शिकवलं, फॉस्टरने घोडा शिकवला, सर्लने रेघ शिकवली, आणि आपल्या चित्रकारांनी ते सगळं पचवलं. नुकसान झालं ते सगळ्यांना चालेल अशा एकाच भाषेच्या आणि एकाच चेहऱ्याच्या हट्टाने. त्या हट्टात सीमेवरचा माणूस आधी गळाला, कारण तो कुठल्याच एका साच्यात मावत नाही.

आता बोलीची भीती मोबाइलने पुष्कळ घालवली आहे. बेळगावी बोलीतली चित्रं, विनोद, मीम रोज फिरतात, हजारो लोक ती पुढे पाठवतात. वाचक आहे, हे त्यावरून कळतं. पण चार ओळींचा विनोद म्हणजे चित्रकथा नव्हे. तिला वेळ, पैसा आणि पानं लागतात. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1848 ची. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथे दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावकरी वर्गणी काढून ती भरवतात. या संमेलनांच्या संयोजकांना माझी विनंती आहे: कथाकथन आणि कविसंमेलनाच्या बरोबरीने एक सत्र चित्रकथेला द्या. गावातल्या चित्रकला शिक्षकांना आणि कानडी शाळेतल्या मुलांनाही बोलवा. इथल्या बोलीत, इथल्या माणसांवर काढलेल्या सोळा पानांच्या चित्रकथेला बक्षीस ठेवा आणि ती छापून संमेलनातच विका. पहिलं वर्ष भोजपासून सुरू करा.